ज्याचे जळते त्याला कळते
(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपण ऑस्ट्रेलियात आलो ते पदव्या आणि परवाने घेऊन. ज्यांच्या भूमीवर आपली घरे उभी राहिली, त्या अ‍ॅबोरिजिनल समाजाची ओळख मात्र आपणांपैकी पुष्कळांना झालीच नाही. आम्हा डॉक्टरांना ती झाली, पण रुग्णालयाच्या कागदांतून. आणि ती खोटी निघाली.

एका सोळा वर्षांच्या मुलाच्या कागदावर आम्ही लिहिले होते : 'नजर देत नाही. बोलत नाही. दोनदा वेळ देऊनही आला नाही.' पुढे त्याच्या मावशीकडून कळले, की वडीलधाऱ्यांकडे रोखून न पाहणे हा त्याच्या घरचा विनय होता. आणि त्या दोन्ही दिवशी तो दूरच्या गावी नातलगाच्या अंत्यविधीसाठी थांबला होता. आम्ही संस्काराला लक्षण समजलो आणि शोकाला बेपर्वाई.

या समाजाच्या मौनाला इतिहास आहे. मुलांना आईबापांपासून हिरावून नेण्याचे सरकारी धोरण कित्येक दशके चालले. १९९७ च्या 'ब्रिंगिंग देम होम' अहवालाने ते जगासमोर मांडले आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत क्षमा मागितली. ज्या आजीला बालपणी सरकारी माणसाने घरातून उचलून नेले, ती नातवाचे दुखणे कचेरीसारख्या दिसणाऱ्या दवाखान्यात कोणत्या विश्वासाने सांगणार? आज या समाजातील तरुणांच्या मृत्यूच्या कारणांत आत्महत्या पहिल्या क्रमांकावर आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार या समाजाचे मध्यवर्ती वय अवघे २४ वर्षे. म्हणजे निम्मा समाज तरुण किंवा बालक आहे, आणि त्याच्यासाठीच्या सेवा आखणारे बहुधा आमच्यासारखे पन्नाशीतले परके लोक!

ही रीत बदलता येते. १९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्न भागात या समाजाने स्वतःच्या हाती चालणारी वैद्यकीय सेवा उभी केली. अलीकडे पर्थमध्ये कर्टिन विद्यापीठाचे प्रा. मायकेल राइट यांनी, जे स्वतः नूंगार आहेत, नूंगार ज्येष्ठांना आणि पुढे तरुणांनाही संशोधनात बरोबरीचे भागीदार केले. मानसिक आरोग्य संस्थांच्या प्रमुखांनी आधी ज्येष्ठांसमवेत त्यांच्या भूमीवर जाऊन बसायचे, ऐकायचे, ओळख वाढवायची. कामाचे कागद त्यानंतर.

अशा ठिकाणी तरुण जे मागतात ते अवघड नसते. दारात आपल्यातले एखादे माणूस असावे. चार भिंतींबाहेर, झाडाखाली बोलता यावे. सोबत भावंडाला आणता यावे. तीच वेदना दर वेळी नव्या अनोळखी माणसाला पहिल्यापासून सांगावी लागू नये. यांतील एकही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हती.

मात्र समितीत एका तरुणाला छायाचित्रापुरते बसविणे म्हणजे सहभाग नव्हे. कर्मचारी निवडताना त्याचे मत मोजले जावे, त्याच्या वेळेचा मोबदला मिळावा, आणि त्याने 'हे चुकते आहे' म्हटल्यावर काहीतरी बदलावे. सोबतीला ज्येष्ठ हवेत, म्हणजे दुःख सांगण्याचा भार त्याच्या एकट्याच्या खांद्यावर पडणार नाही.

आपल्याला हे समजावून सांगावे लागू नये. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांचे प्रतिनिधी अस्पृश्यांतूनच असावेत असा आग्रह धरला होता. १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात या देशाने संसदेला सल्ला देणारा मूळ रहिवाशांचा 'व्हॉइस' नाकारला. निदान दवाखान्यात त्यांचा आवाज अडविणारे आपण नसावे. आपल्यात डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, शिक्षक आहेत; ज्या ज्या मेजाभोवती आपल्याला खुर्ची मिळाली आहे, तेथे एक खुर्ची त्या तरुणासाठी मागू या.

त्या मुलाचा तो कागद आम्ही नंतर दुरुस्त केला. पण तो पुन्हा आमच्याकडे आला नाही. पुढच्या मुलाच्या बाबतीत असा उशीर होऊ नये, एवढेच मागणे आहे.

जय भीम.