‘दुखत नव्हती ना!’

(महिला मेळाव्यात एका शल्यचिकित्सक भगिनीने केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



माझ्याकडे तपासणीसाठी येणाऱ्या खेड्यातील भगिनीला मी पहिला प्रश्न विचारते, “गाठ हाताला केव्हा लागली?” उत्तर मिळते, “सोयाबीनच्या पेरणीला.” तोवर काढणी उरकून दिवाळीही होऊन गेलेली असते. “मग इतके दिवस का थांबलीस?” असे विचारले, की ती सहजपणे म्हणते, “दुखत नव्हती ना!”

साऱ्या शोकांतिकेचे मूळ या उत्तरात आहे. दुखल्याखेरीज आजार नाही, अशी आपली पिढ्यानपिढ्यांची समजूत. स्तनाच्या कर्करोगाची गाठ मात्र सुरुवातीस बहुधा दुखतच नाही. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ९८ हजार जणी त्याने दगावल्या.

या विलंबाचा दोष त्या भगिनीच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. सर्वांची जेवणे झाल्यावर पानावर बसणारी गृहिणी दुखण्यातही स्वतःला शेवटीच ठेवते. मजुरी बुडते, एसटीच्या भाड्याला पैसे नसतात, सोबतीला कोणी नसते. सुईने तपासणी केली की रोग पसरतो, ही निराधार भीती असते. कधी डॉक्टरच गाठ नीट न तपासता गोळ्या देऊन परत पाठवतात. शिवाय पुरुष डॉक्टरांपुढे संकोच! हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची निकड आहे, असे आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली श्रीरामपूर येथील भाषणात सांगितले होते. तो संकोच आजही ओसरलेला नाही.

मग उपाय काय? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील एका गटाची दर दोन वर्षांनी तपासणी झाली. ती केली प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी, यंत्राविना, केवळ हाताने. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांमध्ये रोग अलीकडच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात तशी घट आढळली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु शिकवलेले हात आणि जिव्हाळा यांचे सामर्थ्य त्यातून सिद्ध झाले.

शासकीय कार्यक्रमात आज तीस वर्षांवरील स्त्रियांची स्तनतपासणी अंतर्भूत आहे. ती प्रत्येक वस्तीत खरोखर होते काय, हे पाहणे आपले काम आहे. गाठ, त्वचेवर पडलेली खळी, आत ओढले गेलेले स्तनाग्र, रक्तमिश्रित स्राव, यांपैकी काहीही दिसले तर दुखण्याची वाट पाहू नये, हे घरोघरी सांगा. बंधूंनो, हा विषय केवळ बायकांचा नाही. दवाखान्यात जाण्याचा निर्णय अनेकदा तुमच्या हाती असतो.

नुसता सल्ला देऊन थांबू नका. तिच्या घरचा स्वयंपाक एक दिवस सांभाळा, तिच्याबरोबर एसटीत बसा, तपासणीचा अहवाल हाती येईपर्यंत तिची सोबत सोडू नका. पेरणीला लागलेली गाठ काढणीची वाट पाहत राहू नये, एवढे एक व्रत आपण सर्वांनी घेऊ या.