धुरात जाणारे डिझेल
(जिल्हा बैठकीतील भाषण)



मालाच्या भावावर आपण नेहमीच बोलतो. आज खर्चावर बोलू, तेही इंजिनाच्या एका लहानशा भागावर: इंजेक्टरवर.

हरभऱ्याला घाटे भरताना पाणी हवे. वीज रात्रीची, तीही बेभरवशाची. नदीवरचे पाच हॉर्सपॉवरचे इंजिन सुरू करावे तर हॅन्डल मारून खांदा निघतो, आणि सुरू झालेच तर काळा धूर. तो धूर म्हणजे आपलेच अर्धवट जळलेले डिझेल. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचा भाव सरकारी नियंत्रणातून सुटला. खुला बाजार आपणच मागतो, तेव्हा कुरकुर नको; पण पैसे मोजून घेतलेले डिझेल धुरात का घालवायचे?

इंजेक्टर म्हणजे पिचकारी. पंपाचा दाब ठरल्या आकड्यावर गेला की आतली सुई स्प्रिंगविरुद्ध उचलते आणि बारीक भोकांतून डिझेलचे धुके उडते. सुई आणि तिच्या घरातली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावी इतकी. तिथे कचरा गेला की सुई अडकते, धुक्याऐवजी थेंब गळतात, थेंबांची काजळी होते.

आमच्या शेतकी पदवीचा तोरा इथेच उतरला. एकदा नोझलची काजळी आम्ही पॉलिश पेपरने घासली, भोकात शिवणाची सुई घातली. नोझल चकाचक झाले, आणि कायमचे बाद! काजळी पितळी तारेच्या ब्रशने काढा, स्वच्छ डिझेलमध्ये धुवा. चिंधीने पुसू नका, धागा आत राहतो. दोन नोझलच्या सुया अदलाबदल करू नका. प्रत्येक जोडी एकमेकांसाठीच घासलेली असते. बसवताना तांब्याचा वायसर नवा घाला.

फिटर म्हणाला, “पंपच बदला”, तर आधी नोझल टेस्टिंगच्या हातपंपावर लावून दाखवायला सांगा. धुके दिसते की धार, ते तुम्हालाच कळेल. मात्र समोर हात धरू नका. ती धार कातडी फोडून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक दवाखाना गाठा.

खरे दुखणे असते कॅनमध्ये. कॅन रात्रभर हलवू नका, तळचे डिझेल टाकीत ओतू नका, बाकीचे दाट कापडातून गाळा. फिल्टर वेळेवर बदला. स्वस्त पडते म्हणून रॉकेल मिसळू नका. त्यात वंगण कमी, पंप आणि सुई दोन्ही झिजतात.

मांडवामागे एक इंजेक्टर खोलून ठेवला आहे. जेवणाआधी तिकडे या, हात काळे करायच्या तयारीने.