जुन्या कळफलकाचा नाद



संगणकाचे जुने कळफलक सुधारणे हा आमचा नाद. आणि 'नाद' हा शब्द येथे दोन्ही अर्थांनी खरा आहे. आयबीएमने १९८५ साली काढलेल्या 'मॉडेल एम' कळफलकात प्रत्येक कळीखाली एक स्प्रिंग असते. कळ दाबता दाबता ती एकाएकी वाकते, तळाची इवलीशी हातोडी कलते आणि खटका वाजतो. अक्षर उमटल्याची खूण बोटांना तेथेच पटते. मागाहून घुमणारी स्प्रिंगची झणझण मात्र रात्री घरच्यांची झोप मोडते. म्हणून आम्ही स्प्रिंगमध्ये दात साफ करण्याच्या दोऱ्याचा तुकडा सोडतो. झणझण निवते, खटका राहतो. दोरा केव्हाही काढता येतो.

याच फलकातील प्लॅस्टिकचे रिव्हेट कालांतराने तुटतात. तेव्हा भोके पाडून बारीक बोल्ट बसवावे लागतात. पहिल्या वेळी ड्रिल धरताना आमचा हात थरथरला. कारण पाडलेले भोक बुजत नाही. तेव्हापासून आमचा एक नियम आहे : हौसेचा बदल परतवता येईल असाच करावा, न परतणारा बदल केवळ वस्तू जगवण्यासाठी करावा. पन्नाशी गाठलेल्या मंडळापुढे हा नियम ठेवताना आम्हांस संकोच वाटत नाही.