दुसरी प्रत

संगणकातील हार्ड डिस्क निकामी झाली म्हणजे घरात प्रथम जी धांदल उडते ती यंत्राविषयीची असते. दुरुस्त करणारा येतो, नवी डिस्क बसवितो, यंत्र पूर्ववत चालू लागते आणि मंडळींना हायसे वाटते. आईची अखेरची छायाचित्रे आणि दहा वर्षांचे हिशेब त्या नव्या डिस्कवर नाहीत, हे ध्यानी येण्यास पुष्कळदा दुसरा दिवस उजाडावा लागतो.

या वस्तूची घडणच नाजूक आहे. १९५६ साली आय. बी. एम. कंपनीने पहिली डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात ५० तबकड्या होत्या आणि सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज त्याच्या लक्षावधी पट मजकूर तळहातावर मावतो. पण रचना मूळचीच आहे. तबकडी मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचणारे शीर्ष तिला स्पर्श न करता, केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतरावरून तरंगत असते. ते टेकले की तबकडीवर ओरखडा उमटतो. अलीकडच्या सॉलिड-स्टेट डिस्कमध्ये फिरणारे काही नसते, तरी तीही एके दिवशी अकस्मात मुकी होते.

म्हणून नवी डिस्क बसविली त्याच दिवशी दुसऱ्या प्रतीची व्यवस्था लावणे श्रेयस्कर. मात्र प्रत कशास म्हणावे? त्याच डिस्कवर दुसऱ्या कप्प्यात ठेवलेली नक्कल ही प्रत नव्हे. दोन डिस्कवर एकाच वेळी मजकूर उमटविण्याची जी सोय असते, तीही नव्हे. चुकून पुसलेली गोष्ट तेथे दोन्हीकडून एकदमच पुसली जाते. जुन्या दफ्तरातला कारकून कार्यालयीन प्रत वेगळ्या कपाटात ठेवी, त्याला हे कोणी शिकवावे लागले नव्हते! एक प्रत वेगळ्या डिस्कवर आणि एक घराबाहेर, हा हिशेब साधा आहे.

तरीही फसगत होते, आणि ती जाणत्यांचीही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतील एका अभियंत्याच्या हातून चुकीच्या संगणकावरील सुमारे ३०० गिगाबाइट नोंदी पुसल्या गेल्या. प्रती काढण्याचे अनेक मार्ग तेथे योजलेले होते. प्रत्यक्ष पाहता, एका मार्गाची आवृत्ती जुळत नसल्याने प्रती निघतच नव्हत्या. त्या अपयशाच्या सूचना ई-पत्रांनी पाठविल्या जात. पण ती पत्रे स्वीकारलीच जात नव्हती. जेथे प्रती साठावयाच्या ते कोठार रिकामे निघाले. निभावले ते एका योगायोगाने: घटनेच्या सहा तास आधी अन्य कामासाठी कोणी हाताने एक प्रत काढून ठेवली होती. मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या.

घरच्या संगणकालाही हेच लागू पडते. प्रत निघाली असा संदेश पडद्यावर आला, एवढ्याने काम झाले असे नव्हे. महिन्यातून एकदा एखादे जुने छायाचित्र त्या प्रतीतून काढून दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहावे. न उघडल्यास ते मूळ शाबूत असतानाच कळते, आणि प्रत नव्याने काढता येते.