फळीवरची आगगाडी

  

आम्ही बीड जिल्ह्यातल्या एका गावच्या बचत गटातल्या अकरा जणी. या कार्यक्रमात आपण शेळीपालन ऐकलं, परसबाग ऐकली, पापड-मसाल्याचा हिशोब ऐकला. आज आम्ही बोलणार आहोत खेळण्यातल्या रेल्वेबद्दल. रूळ, स्टेशन, झाडं, गाव, आणि त्यातून धावणारी वीतभर गाडी. हसू आलं ना? आम्हालाही आलं होतं.

झालं असं. आपल्याकडं महालक्ष्म्यांपुढं आरास मांडतात. कुणी विहीर करतं, कुणी बैलगाडी, कुणी जात्यावर बसलेली बाई. २०२५ च्या भादव्यात गावात एकच विषय होता, बीडला रेल्वे येणार. कित्येक वर्षं ऐकत आलेली गोष्ट. म्हणून आम्ही आराशीत पुठ्ठ्याची गाडी केली. काड्यापेटीचे डबे, बांगड्यांची चाकं. पुढं १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरला खरी गाडी सुटली. परळीच्या लोकांना रेल्वे जुनी. निजामाच्या काळापासून ती त्यांच्या दारात आहे. पण जिल्ह्याच्या गावाला ती पहिल्यांदा आली. आमच्यातल्या काही जणी लेकरांना घेऊन बघायला गेल्या. परत आल्यावर लेकरं म्हणाली, आपली गाडी हालत नाही. हालणारी करा.

दिवाळी झाली आणि दरवर्षीप्रमाणं गावातल्या जोड्या ऊसतोडीला गेल्या. मागं राहिली म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी लेकरं. संध्याकाळी ही लेकरं कुठं बसणार, काय करणार, हा प्रश्न आमच्या गटापुढं दरवर्षी असतो. या वर्षी आम्ही म्हटलं, चला, गाडी करू.

पहिलं भांडण पैशावरून झालं. एक काकू म्हणाल्या, "बाई, शेळीच्या विम्याला पैसे नाहीत अन् खेळण्याला कुठून?" त्यांचं बरोबर होतं. म्हणून बचतीला हात लावायचा नाही असं ठरवलं. प्रत्येकीनं पन्नास रुपये वेगळे काढले. साडेपाचशे झाले. गटातल्या एका ताईच्या पुण्यातल्या भावाकडं वापरलेला संच पडून होता. एक इंजिन, दोन डबे, रुळांचे तुकडे आणि वेग कमी-जास्त करायचा डबा. तो त्यानं दिला. नवा घ्यायचा तर असा चांगला संच काही हजारांच्या घरात जातो. म्हणून तुम्हाला सांगतो, सुरुवात नव्या संचानं करू नका. आधी पुठ्ठ्यावर करा. मन लागलं तर पुढं बघा. जत्रेत मिळणारी सेलवरची प्लास्टिकची गाडीही सुरुवातीला चालते.

आता माप. या छंदाचं मूळ मापातच आहे, आणि ते आपल्याला येतं. ब्लाउज बेतणाऱ्या बाईला माप काय शिकवायचं? जगात जास्त चालणारं एक माप आहे, त्याला एचओ म्हणतात. त्यात प्रत्येक वस्तू खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाइतकी असते. पाच फुटांची बाई या मापात पावणेदोन सेंटीमीटरची होते. तीस फुटांचा लिंब चार इंचांचा होतो. अहिल्यानगर–बीड–परळी ही २६१ किलोमीटरची लाईन या मापानं केली तर तीन किलोमीटर लांब होईल. म्हणजे आमच्या गावापासून शेजारच्या वस्तीपर्यंत! म्हणून सगळं करायचं नसतं, निवडायचं असतं. आम्ही चार जागा निवडल्या: बीड, एक पूल, आमचं गाव, आणि चौथी जागा पुढं सांगतो.

मापात एक गंमत आहे. एचओच्या दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. हे परदेशी रुळांवरून काढलेलं आहे. आपली मोठी लाईन जास्त रुंद, १६७६ मिलिमीटरची. तिचा सत्त्याऐंशीवा भाग सव्वाएकोणीस मिलिमीटर भरतो. म्हणजे खेळण्यातल्या रुळावर आपली गाडी जरा अरुंद रुळावर उभी दिसते. चालतं. त्यासाठी झोप घालवू नका.

खरा डबा साडेतेवीस मीटरच्या आसपास असतो, म्हणजे मापानं सत्तावीस सेंटीमीटर. आम्ही हट्टानं तेवढाच पुठ्ठ्याचा डबा केला. वळणावर त्याचं पोट आत घासलं, टोकं बाहेर लोंबली आणि गाडी पडली. मग वीस सेंटीमीटरचा केला. दिसायला बरा आणि वळायलाही बरा.

पुढं फळी. प्लायवूडची अख्खी शीट आठ बाय चार फुटांची असते. आमच्या संचातल्या वळणांचं पूर्ण गोल तीन फुटांचं होतं, म्हणून चार फूट रुंदी लागतेच. कडेला थोडी जागा हवी, नाहीतर गाडी रुळावरून उतरली की थेट जमिनीवर. आम्ही सुताराकडून जुनी सहा बाय चारची फळी घेतली आणि खालून लाकडी पट्ट्या ठोकून घेतल्या. पट्ट्या नसतील तर उन्हाळ्यात फळी वाकते आणि रुळांचे सांधे सुटतात. फळीची उंची लेकरांच्या छातीइतकी ठेवा. वरून बघितलं तर ते खेळणं वाटतं, डोळ्यासमोर आणलं तर गाव वाटतं.

आता वीज. घाबरू नका, पण नीट ऐका. या गाडीत सेल नसतो. एका रुळातून करंट येतो, चाकातून इंजिनातल्या मोटारीत जातो आणि दुसऱ्या रुळातून परत फिरतो. करंट बारा व्होल्टपर्यंतचाच असतो. डब्यावरची चावी फिरवली की व्होल्ट वाढतात, गाडी पळते. उलट फिरवली की दोन रुळांतला करंट बदलतो आणि गाडी मागं येते. भिंतीतल्या बोर्डाला मात्र कारखान्यातून आलेला डबाच लावायचा. घरी तारा जोडून केलेलं काही लावायचं नाही. इथं काटकसर नको.

पहिल्या दिवशी गाडी दहा मिनिटं धावली आणि थांबली. डबा गरम झाला. आम्ही सगळ्या तारा उचकटल्या. सापडलं काय, तर दोन रुळांवर आडवी पडलेली केसांची पिन! लोखंडाचं काहीही दोन्ही रुळांना एकदम टेकलं की करंट मोटारीपर्यंत जातच नाही, तिथूनच परत फिरतो. म्हणून खिळे, पिना, तारेचे तुकडे फळीपासून लांब ठेवा.

दुसरी चूक मोठी होती. आम्हाला वाटलं, गाडी गावातून निघावी, लांब जाऊन गोल वळावी आणि त्याच रुळावर परत यावी. जसं बाई पाणी भरून त्याच वाटेनं येते. तसे रूळ जोडले, आणि गाडी जागची हालेना. पिन नाही, खिळा नाही. चार दिवस गेले. आम्ही म्हटलं, संचच बिघडला.

तेव्हा सातवीतली एक पोर लोकरीचे दोन गुंडे घेऊन बसली, लाल आणि काळा. एका रुळाच्या कडेनं लाल लोकर अंथरत गेली, दुसऱ्याच्या कडेनं काळी. वळण संपून रूळ जिथं परत जुन्या रुळाला मिळतात तिथं आली आणि ओरडली, "काकू, लाल काळ्याला भिडलं!" बघा, पिन न पडताच पिन पडल्यासारखं झालं होतं. रूळ स्वतःच स्वतःला उलटा जाऊन मिळत होता. याला उपाय असतात. तो तुकडा वेगळा करून त्याला वेगळं बटण लावतात. पण नवख्या माणसानं त्यात पडू नये. साधं लांबट गोल करा, नाहीतर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ लाईन. आम्ही टोकापासून टोकापर्यंत केली.

या पोरीची आजी आधी म्हणायची, "पोरीच्या जातीला तारा-बटणं कशाला?" त्या संध्याकाळी आजी फळीजवळ उभी होती. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनंच घरातला बंद पडलेला टॉर्च आणून पोरीपुढं ठेवला.

आजीसारखं बोलणारे भेटतील तेव्हा दोन बायांची नावं सांगा. एक आपल्या साताऱ्याच्या सुरेखा यादव. १९८९ मध्ये रेल्वेत सहायक चालक म्हणून लागल्या, आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक ठरल्या, आणि १३ मार्च २०२३ ला सोलापूरहून मुंबईला वंदे भारत गाडी त्यांनी नेली. दुसरी लांबची, जर्मनीतली. मार्कलिन ही खेळण्यातल्या गाड्यांची जुनी कंपनी. १८५९ मध्ये सुरू झाली तेव्हा ती गाड्या करत नव्हती. बाहुलीच्या स्वयंपाकघरातली पत्र्याची भांडी करायची, म्हणजे आपली भातुकलीच! मालकाची बायको कॅरोलिन स्वतः गावोगाव फिरून माल विकायची, आणि नवरा गेल्यावर धंदा तिनंच टिकवला. पुढं १८९१ मध्ये, तिच्या मुलांच्या काळात, लाइपझिगच्या जत्रेत या कंपनीनं तुकडे जोडून वाढवता येणारे रूळ मांडले. भातुकलीतून रेल्वे निघाली ती अशी.

आता सजावट. इथं आपण राणी. वापरलेली चहापत्ती धुऊन, कडक वाळवून, डिंकावर भुरभुरली की काळी माती होते. लाकडाचा भुसा हिरव्या रंगात भिजवून वाळवला की गवत. पळाटीच्या बारीक फांद्यांना तोच भुसा चिकटवला की झाडं. वाळू मैद्याच्या चाळणीनं चाळून रुळांमध्ये पसरली की खडी. वरून पाणी घातलेला फेविकॉल थेंब थेंब सोडायचा, त्यात साबणाच्या पाण्याचा एक थेंब, म्हणजे तो आत मुरतो. रुळाच्या माथ्यावर डिंक लागू देऊ नका, नाहीतर करंट चाकाला मिळत नाही. डोंगर आम्ही आधी रद्दी आणि गव्हाच्या पिठाच्या खळीनं केला. आठ दिवसांत उंदरांनी बोगदा पाडला! खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे, पण तो विषारी आणि लेकरं हात तोंडात घालतात. आम्ही डोंगर परत फेविकॉलनं केला. आपल्याकडं धूळ फार, म्हणून रोज गाडी लावण्याआधी रूळ कोरड्या सुती फडक्यानं पुसायचे आणि काम झालं की फळीवर जुनं लुगडं झाकायचं.

पुण्याला कधी गेलात तर कोथरूडला जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांनी छंद म्हणून गाड्या जमवल्या, केल्या, आणि १ एप्रिल १९९८ पासून ते लोकांना बघायला खुलं आहे. दिवे मंद होतात आणि छोट्या शहरात गाड्या धावू लागतात. आमच्यातल्या दोघी जाऊन आल्या. आल्यावर म्हणाल्या, त्यांचं मोठं आहे, पण चहापत्तीची माती आपलीच चांगली.

आता चौथी जागा. लाईनच्या दुसऱ्या टोकाला काय करायचं, हे आम्ही लेकरांवर सोडलं. आम्हाला वाटलं, मुंबई करतील. त्यांनी उसाचा फड केला. झाडूच्या हिरांचा ऊस, पाचटाची कोपी, काडीची बैलगाडी, आणि पावणेदोन सेंटीमीटरची माणसं. कुठली आई कुणाची हे प्रत्येकाला माहीत होतं. एकानं आपल्या आईला लाल पदर रंगवला, म्हणजे चुकायला नको.

खरी रेल्वे बीडला आली म्हणून काही आमच्या जोड्या तिनं फडावर गेल्या नाहीत. त्या ट्रकनं, ट्रॅक्टरनंच गेल्या. फळीवरच्या गाडीनं हे बदललं, असं आम्ही म्हणणार नाही. पण त्या चार महिन्यांत लेकरं संध्याकाळी एका ठिकाणी होती, आमच्या नजरेसमोर. भागाकार, करंट, माप हातानं शिकली. आम्हीही शिकलो. आणि आम्हा अकरा जणींना रोज एक तास मिळाला, ज्यात ना स्वयंपाक होता ना हिशोब. छंद हा शब्द आपल्या वाट्याला फार येत नाही, मैत्रिणींनो. तो तास आम्ही आता सोडणार नाही.

पाडव्याच्या सुमाराला जोड्या परत आल्या. पहिल्याच संध्याकाळी लेकरांनी आपापल्या आईबापांना फळीपुढं बसवलं. त्या लाल पदरवाल्या आईनं स्वतःला ओळखलं. पोरानं चावी उलटी फिरवली, गाडी फडापासून निघाली आणि गावापर्यंत मागं आली. तिला त्यानं तिथं उतरवलं.

तुमच्या गावात करायचं मनात असेल तर आज एकच काम करा. एक पुठ्ठा घ्या, पट्टी घ्या आणि आपलं घर सत्त्याऐंशीव्या भागाचं करा. उंची मोजा, भागा, कापा. पुढचं स्टेशन आपोआप येतं.