पूर ओसरल्यानंतरचें पाणी

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, पाठोपाठ खडकवासल्याचेंही फुटलें, आणि नदीकांठचें पुणें पाण्याखालीं गेलें. पूर ओसरला तेव्हां उणीव भासली ती पाण्याचीच! नळांचा आधार जो खडकवासल्याचा जलाशय, तोच रिता झाला होता. वाड्यांतील विसरलेल्या विहिरींकडे पुणेकरांस पुन्हां वळावें लागलें. परंतु विहीर सांपडली म्हणजे प्यावयाचें पाणी मिळालें, असें नव्हे.

हीच गोष्ट आज मुळशीसारख्या घाटमाथ्यावरील तालुक्यास लागू आहे. तेथें पावसास तोटा नाहीं. पण अतिवृष्टींत दरड कोसळून रस्ता तुटला आणि वीज गेली, कीं पंप थांबतो. शेतांतलें व गोठ्यांतलें पाणी वाहत विहिरींत उतरतें. बाहेरून टँकर येईपर्यंत जें करावयाचें, तें गांवच्या माणसांनींच केलें पाहिजे. व तें त्यांनीं आधीं शिकलेलें असलें पाहिजे.

यांत शिकण्यासारखें काय, असें कोणी म्हणेल. ग्रामपंचायतींत टी.सी.एल. या नांवानें ओळखली जाणारी जंतुनाशक पूड विहिरींत टाकली म्हणजे झालें! पण तसें होत नाहीं. प्रथम पाणी मोजावें लागतें. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाण्याची खोली २ मीटर असेल, तर पाणी सुमारें १४,००० लिटर भरतें. हजार लिटरांस अडीच ग्रॅम या नित्याच्या हिशेबानें ३५ ग्रॅम पूड लागेल. मात्र पुराचें गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतें. तेव्हां मात्रा वाढवावी लागते. शिवाय उघड्या डब्यांत राहिलेली पूड निःसत्त्व होते. तिनें मनाचें समाधान होईल, जंतु मरणार नाहींत. म्हणून पूड बादलींत कालवावी, चुना खालीं बसल्यावर वरची निवळ विहिरींत मिसळावी, तासभर थांबावें आणि मग चाचणी घ्यावी. लिटरमागें अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आढळला, तरच तें पाणी पिण्यासाठीं घागरींत भरावें.

हें ज्ञान कठीण नाहीं. एका दुपारींत तें शिकतां येतें. परंतु ती दुपार पावसाळ्यापूर्वीं यावयास हवी. गांवच्या जलसुरक्षकाबरोबर आणखी दोघां-तिघांनीं, विशेषतः पाणी भरणाऱ्या स्त्रियांनीं, हें सर्व स्वतःच्या हातानें एकदां तरी करून पाहावें.

आणि आपण शहरवासीयांनीं हा धडा परका मानूं नये. आपल्या इमारतीच्या टांकींत पाणी किती मावतें, हें आपणांपैकीं कितीजण सांगूं शकतील?