आधी हजेरी ठरवा

(वसतिगृहात प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



तुमच्यातल्या अनेकांची शिष्यवृत्ती अजून जमा झालेली नाही. मेसचे पैसे मात्र महिन्याच्या महिन्याला द्यावेच लागतात. म्हणून आज कामाबद्दल बोलते.

पुण्यात पहिल्या वर्षाला असताना मी एका लग्नात केटरिंगच्या कामाला गेले. ठेकेदाराने नाव विचारलं, मग आडनाव. सोबतच्या मुली वाढायला गेल्या. मला खरकटी ताटं धुवायला बसवलं. रात्री एक वाजता हातात अडीचशे रुपये पडले, वाढणाऱ्या मुलींना चारशे. भांडता आलं नाही, कारण किती मिळणार हे मी विचारलंच नव्हतं. काम दिलं हेच मला उपकार वाटले होते.

आईला फोन केला. ती लोकांच्या रानात खुरपायला जाते. तिला कॉलेजातलं काय कळणार, असं मला वाटायचं. ती म्हणाली, "हजेरी ठरल्याबिगर आम्ही रानात पाय ठेवत न्हाई. तू शिकलेली, अन् कशी गं गेलीस?"

आपल्या घरात कॉलेज कुणी पाहिलं नाही, पण काम पिढ्यान्‌पिढ्या पाहिलंय. कामाबद्दल आईबापाला विचारा.

आईचं म्हणणं कायद्यातही आहे. संविधानाचं कलम 23 वेठबिगारीला बंदी घालतं. दिल्लीत एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली सांगितलं, की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हीसुद्धा वेठबिगारीच. पैसे विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे.

दुसरी हजेरी वर्गातली. ती 75 टक्क्यांखाली गेली तर परीक्षेलाच अडचण. बाबासाहेबांनी 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी धरली, पैसे साठवले आणि 1920 मध्ये नोकरी सोडून अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडन गाठलं. नोकरी शिक्षणासाठी होती. आपल्याकडे बऱ्याचदा उलटं होतं. काम राहतं, पदवी सुटते.

पुढच्या वेळी मी त्या ठेकेदाराला आधीच पैसे विचारले. "लय शहाणी झालीस," म्हणाला. ते काम गेलं. नंतर एका ताईने विद्यापीठाच्या 'कमवा व शिका' योजनेचा अर्ज भरून घेतला. ग्रंथालयात तासावर काम मिळालं आणि अभ्यासही तिथेच झाला. ती ताई भेटली नसती तर योजना मला कळलीच नसती. चांगली कामं ओळखीतून मिळतात, ओळखी बहुतेक जातीतून, आणि आपली ओळख कुठे असते?

म्हणून ही वही आणली आहे. कुठे काम केलं, किती तास, किती पैसे, वेळेवर दिले का, आडनाव विचारलं का, सगळं लिहा. मूळ मार्कशीट, जातीचा दाखला कुठल्याही मालकाकडे ठेवू नका. काम देण्याआधी जो पैसे मागतो, त्याचंही नाव वहीत टाका.

पहिलं पान मी लिहिलंय. दुसरं तुमचं.

जय भीम!